पेट्टा की पट्ठा

मी देगलूरच्या शाळेत मराठी शिकवते. शब्दांच्या बाबतीत आपण कधी चुकायचं नाही, असा मला जरा माजच होता. तो एका कोंबडीने उतरवला.

माझ्या सासूबाई सरजाबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी किल्लारीहून आमच्याकडे आल्या. डोळा बरा झाला, पण जीव काही रमेना. माझा नवरा नागसेन नांदेडला नोकरीला, शनिवारी रात्री येणार. मी दिवसभर शाळेत. आणि गल्लीत कुणी तेलुगू बोलतं, कुणी कानडी, कुणी दखनी. "ह्यांचं मला कळंना, माझं ह्यांला कळंना. म्या काय भितीसंगं बोलू?" असं म्हणून त्या दर आठ दिवसांनी किल्लारीच्या गाडीची वेळ विचारायच्या.

मग त्यांनी पिशवीत घालून आणलेली कोंबडी खुडूक झाली. मागच्या गल्लीत गाद्या भरणारे निजामोद्दीनभाई राहतात. त्यांच्या बायकोने, शहजादीभाभीने, उबवायला अकरा अंडी दिली. त्यांच्या अंगणात गावरान, गिरिराज, असील अशा सगळ्या जाती एकत्रच नांदतात, तेव्हा कुणाचा बाप कोण हे त्या अंड्यालाच ठाऊक. सात पिल्लं निघाली, तीन मांजराने नेली, चार उरली. आत्याबाईंचा चेहरा तेव्हापासून खुलला. त्यातलं तांबडं पिल्लू तर त्यांच्या मांडीवरच वाढलं. तिचं नाव त्यांनी साखरी ठेवलं.

पिल्लं तीन महिन्यांची झाली आणि नर-मादीचा प्रश्न आला. आमचे घरमालक सुदर्शनराव वरच्या मजल्यावर राहतात. ते रात्रीची एसटी चालवतात आणि पहाटे येऊन झोपतात. त्यांनी आधीच बजावलं होतं, "ताई, कोंबड्या किती बी ठेवा. पर कोंबडा नगं. त्यो आरवला की माझी झोप गेली, अन् मंग मी स्टेरिंगवर पेंगनार." बोलणं रास्त होतं. कोंबडी राहणार, कोंबडा जाणार, असं ठरलं.

दोन पिल्लं सरळ सरळ तलंगा निघाल्या. म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. पेच पडला साखरीचा आणि एका काळ्या पिल्लाचा. साखरीचा तुरा मोठा, पाय जाडजूड, चाल फौजदाराची. काळ्याचा तुरा हरभऱ्याएवढा आणि वागणं नव्या नवरीचं. मी लगेच निकाल दिला, साखरी कोंबडा आहे.

"तलंग हाय ती," आत्याबाई म्हणाल्या. "हातात धरली की कळतंय मला."

"आत्याबाई, माया आंधळी असते," मी म्हणाले. डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलेल्या बाईला मी हे ऐकवलं, यावरून माझी अक्कल ओळखा.

शेवटी सिद्धम्माला विचारायचं ठरलं. ती मदनूरकडून रोज भाजी घेऊन येते. घरी कोंबड्या आहेत, पण बोलणं तेलुगू, मराठी बेताचंच. तिने टोपली खाली ठेवली, दोन्ही पिल्लं उलटीसुलटी करून पाहिली. साखरीकडे बोट करून म्हणाली, "इदि पेट्टा." काळ्याकडे बोट केलं, "अदि पुंजू." आणि पुढच्या दाराला गेली.

मला शाळेची घाई होती. मी ऐकलं "पट्ठा". आता पट्ठा म्हणजे काय हे मराठीच्या बाईला कुणी सांगायला हवं का? आखाड्यातला गडी तो पट्ठा, तरणाबांड कोंबडा तो पट्ठा. आणि पुंजू? कसा लाडाचा, नाजूक शब्द! ती कोंबडीच असणार. मी विजयी मुद्रेने आत्याबाईंकडे पाहिलं.

त्यांनी साखरीला मांडीवरून उचलून माझ्या हातात दिलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "हितं माझ्या शब्दाला किंमत न्हाई, पोरी. रईवारी मला गाडीत बसवून दे."

मी शाळेच्या वाटेवर साखरीला शहजादीभाभीकडे देऊन आले. त्या म्हणाल्या, "उद्या जमाईराजा येनारेत, लई कामाची गडबड हाय," आणि तिला घेऊन आत गेल्या. जावई येणार म्हणजे साखरीचं काय होणार, हे मला कळत होतं. तरी मी शाळेत गेले. संध्याकाळी घरात आत्याबाई पिशवी भरत होत्या. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काळं पिल्लू सुदर्शनरावांच्या जिन्यावर चढलं आणि मान ताणून आरवलं. आवाज फाटका होता, पण आरवणं ते आरवणंच. सुदर्शनराव लुंगी सावरत बाहेर आले. "ताई, ही कोंची कोंबडी म्हनायची?"

तेवढ्यात सिद्धम्मा मेथी घेऊन आली. तिने काळ्याला पाहिलं आणि पोट धरून हसत सुटली. "पुंजू! नेनु चेप्पानु कदा! मी सांगितला की! पुंजू म्हंजी कोंबडा. पेट्टा म्हंजी कोंबडी."

आत्याबाईंना काय सांगावं म्हणून वळले, तर त्या केव्हाच फाटकाबाहेर पडलेल्या. पाच महिन्यांत ज्या बाईने एकटीने गल्ली ओलांडली नव्हती, ती एका पायात चप्पल घालून चालली होती. दुसरी चप्पल हातात घेऊन मी मागे धावले. शाळा बुडाली तर बुडाली.

निजामोद्दीनभाईंच्या घरातून कांदा तळल्याचा खमंग वास येत होता. आत्याबाई अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "माझी साखरी कुटं हाय?"

शहजादीभाभी झारा घेऊनच बाहेर आल्या. "अगे मौसी, तलंग को कोई काटताय क्या? जावयाला मटन केलंय!" त्यांनी झारा आतल्या खोलीकडे केला. निजामोद्दीनभाई गादी शिवत बसले होते, आणि त्यांच्या मागे कापसाच्या ढिगावर साखरी ऐसपैस बसली होती. तिला मी कोंबडा समजले होते आणि काळा आज आरवला, हे मी सांगून टाकलं.

"हातात घेतली की मला कळलं," भाभी म्हणाल्या. "म्हटलं टीचरबाईनं तलंग आनून दिली, भेट असंल, परत कशी करू? अगे, तुरा बघून फसलात तुमी. हिच्यात गिरिराजाचं रगत हाय, तुरा मोठा येनारच. अन् असीलच्या कोंबड्याचा बी तुरा बारकाच ऱ्हातो. मानेची पिसं बघायची. टोकदार ती नराची, गोल ती मादीची. येवढं कुनालाच न्हाई कळलं?"

आत्याबाई सरळ आत शिरल्या. साखरीला उचलून छातीशी धरलं. मलाच बोलणं भाग होतं. "आत्याबाईंना कळलं होतं, भाभी. मीच त्यांचं ऐकलं नाही." चूक कबूल करायची मला सवय नाही.

भाभींनी आत्याबाईंकडे नीट पाहिलं. मग झारा सुनेच्या हातात दिला आणि आतून एक डालगं ओढत आणलं. त्यात दोन-अडीच महिन्यांची चौदा पिल्लं चिवचिवत होती. "मौसी, जरा ह्यांचं बघा की. मला चार-पाचांचा डाऊट हाय."

आत्याबाईंनी फतकल मारली. एकेक पिल्लू हातात घेत गेल्या. "कोंबडा. तलंग. तलंग. ह्यो लबाड हाय, पर कोंबडाच." एका कबऱ्यावरून दोघींचं जुंपलं. ही किल्लारीचं बोलते, ती दखनी, आणि एकीचा शब्द दुसरीला अडत नव्हता. निजामोद्दीनभाई सुई टोचून ठेवून बघायला आले. मी दाराशी हातात चप्पल घेऊन उभी होते, माझ्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मला फार बरं वाटलं.

काळ्या पुंजूची रवानगी भाभींकडे झाली. दुपारी आत्याबाई साखरीला काखेत घेऊन घरी आल्या. मी भीत भीत विचारलं, "रविवारची गाडी साडेसातची आहे. जायचंय ना?"

"रईवारी कसं जमंल? शहजादीची कोंबडी खुडूक झालीया. मौसी, तुमीच अंडी बसवा म्हनली. शब्द दिलाय म्या."

अंडी फुटायला एकवीस दिवस लागतात. मग त्यातलं नर कोण, मादी कोण हे कळायला आणखी तीन महिने. मी बोटांवर मोजलं, चार महिने तरी आत्याबाई कुठे जात नाहीत, आणि स्वयंपाकघरात जाऊन सुखाने रडून घेतलं.