काचेजवळचा माइक

बाबांनी जबाबात लिहून दिलं होतं, "जहाज वळवायचा हुकूम मी दिला नाही, असं मला वाटतं."

दुसऱ्या कुणी शेवटचे तीन शब्द गाळले असते. बाबांनी ते ठेवले, खाली सही केली आणि पुढच्याच महिन्यात झोपेत गेले. घरात त्यांचे बूट राहिले, चष्मा राहिला आणि ते "असं मला वाटतं" राहिलं.

ते बंदराचे पायलट होते. परक्या कप्तानाला इथलं पाणी माहीत नसतं, म्हणून पायलट छोट्या बोटीतून जहाजाकडे जातो, दोराच्या शिडीने वर चढतो आणि जहाज धक्क्यापर्यंत कसं न्यायचं ते सांगतो. त्या दिवशी कोळशाचं एक जहाज वळणाची जागा यायच्या आधीच वळलं आणि वाळूत जाऊन बसलं. कुणाला इजा झाली नाही. पण थोडं तेल सांडलं, बंदराची वाट अडली आणि प्रकरण चौकशी मंडळापुढे गेलं. कप्तान म्हणाला, हुकूम पायलटचा होता. त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांनी माना डोलावल्या.

"कायद्याने पायलट नुसता सल्लागार," पायलटांच्या संघटनेच्या वकीलबाईंनी मला समजावलं होतं. "तो जहाजावर असला तरी जबाबदारी कप्तानाची. पण पायलटनेच घोडचूक केली असं ठरलं, तर जहाजाचा मालक निम्मं खापर बंदरावर फोडू शकतो. आणि तुमचे बाबा काही उलटून बोलणार नाहीत."

त्यांच्या टेबलाच्या पलीकडे दाढीकाका बसले होते. बाबांचे सहकारी, मी लहान असल्यापासून त्यांची दाढी तेवढीच आणि तशीच विस्कटलेली.

"त्या दिवसांत उपग्रहाचे संकेत कुणीतरी बिघडवत होतं," ते म्हणाले. "सगळ्यांच्या पडद्यावर जहाजं भलत्याच जागी. एक तर विमानतळावर उभं दिसत होतं."

"मग?"

"मग काय, सामान तपासून घेतलं असेल!" ते स्वतःच हसले आणि माझ्याकडे बघून सावरले. "म्हणजे, पडद्यावर ते जहाज वळणावर पोचलेलं दिसत असणार. प्रत्यक्षात मागे होतं. पडदा बघणारा लवकर वळवणार. तुझा बाप पडदा बघणाऱ्यातला नव्हता."

"आधी नव्हते," मी म्हटलं.

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "घरी काही विसरायचे का?"

"चाव्या. एकदा फ्रिजमध्ये सापडल्या. शेजारच्या वहिनींना दोनदा आत्याच्या नावाने हाक मारली."

"चाव्या मीही विसरते."

"तुम्ही जहाज आणत नाही."

"नाही," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला उगाच धीर देणार नाही. जहाजावरचं सगळं बोलणं रेकॉर्ड होतं. मालकाने दिलेल्या प्रतीत हुकूम ऐकू येतो, पण आवाज कुणाचा ते कळत नाही. दोघेही म्हातारे, दोघेही इंग्रजीत बोलणारे. मात्र तिथे एकच माइक नसतो. समोरच्या काचेजवळचा माइक कुणी ऐकलेलाच नाही. वायपरची घरघर फार आहे म्हणून बाजूला ठेवलाय. तो लावा, अशी मागणी मी केली आहे. तुमच्याशिवाय तो आवाज कोण ओळखणार? आता त्यात काय निघेल, ते मला माहीत नाही."

सुनावणीला निघताना आईने मला दारात अडवलं. तिच्या हातात माझी छत्री होती, पण ती देत नव्हती.

"त्यांची चूक असली तरी मला सांग," ती म्हणाली. "गोड करून सांगू नकोस."

चौकशीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती, फक्त फळ्याच्या जागी पडदा होता. समोर मंडळाचे अध्यक्ष, स्वतः निवृत्त कप्तान. डावीकडे मालकाचे वकील. त्यांच्यामागे तो कप्तान बसला होता. मी त्याचा राग करायचं ठरवून आले होते. पण तो अंगापेक्षा मोठा कोट घालून नखं खात बसला होता. एवढ्या दिवसांत त्यालाही घरी जाऊ दिलं नव्हतं.

मालकाचे वकील उभे राहिले. "माझी हरकत आहे. या मृताच्या कन्या आहेत. त्यांना जे ऐकायचं आहे तेच ऐकू येईल."

"खरं आहे," अध्यक्ष म्हणाले. "म्हणून आम्हीही ऐकणार आहोत. बसा."

रेकॉर्डिंग सुरू झालं. आधी वायपर. खर्र, खट. खर्र, खट. बाबा गेल्यापासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता; फोनमधले जुने निरोपसुद्धा उघडले नव्हते. मी टेबलाची कड धरून ठेवली.

मग वायपरच्या मधल्या फटीतून पुटपुट आली.

"टाकी... टाकी दिसली. धुराडं डावीकडे."

आमच्या भाषेत, अगदी काचेला तोंड लावून. मी डोळे मिटले.

"काय ऐकू येतंय?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझे वडील," मी म्हटलं. "ते खुणा बोलतायत. किनाऱ्यावर तेलाची पांढरी टाकी आहे आणि तिच्यामागे कारखान्याचं धुराडं. डोळ्यांना जे दिसेल ते तोंडाने म्हणायची त्यांना सवय होती. गाडी चालवतानाही म्हणायचे. सिग्नल, खांब, दुधाचा टेम्पो."

"आम्ही सगळेच म्हणतो," मागून दाढीकाका म्हणाले. "शिकतानाच ती सवय लावतात. म्हटलं की लक्ष हलत नाही." अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माफ करा साहेब."

"या खुणांचा अर्थ काय?"

"धुराडं बरोबर टाकीच्या मागे गेलं, दिसेनासं झालं, की वळायचं. त्याआधी नाही."

खर्र, खट. "धुराडं डावीकडेच," बाबा म्हणाले. "अजून डावीकडेच आहे. अजून..."

आणि मध्येच मागून, लांबून, इंग्रजीत हुकूम आला. उजवीकडे, वीस अंश.

मला दोन्ही ऐकू आले. माझा स्वतःवर विश्वास बसेना. मालकाच्या वकिलांनी सांगितलं होतं तेच झालं असेल, मला हवं तेच मी ऐकलं असेल.

"पुन्हा लावा," अध्यक्ष म्हणाले.

पुन्हा लावलं. काचेजवळ बाबा "अजून डावीकडेच" म्हणत होते आणि त्यांच्या त्या शब्दांवरच, मागच्या बाजूने, कुणीतरी वळायचा हुकूम देत होतं. एक माणूस एका वेळी दोन भाषांत दोन गोष्टी बोलू शकत नाही. ते कळायला आमची भाषा यायचीही गरज नव्हती. मालकाच्या वकिलांनी कान पुढे केला, मग हळूच मागे टेकले.

रेकॉर्डिंग थांबवायचं कुणालाच सुचलं नाही. "कोण म्हणालं?" बाबा ओरडले, आणि लगेच इंग्रजीत, सुकाणू सरळ करा, सरळ करा. पण एवढं अवजड लोखंड म्हटल्याबरोबर सरळ होत नाही. एक लांब घसटल्याचा आवाज आला. मग शांतता. मग बाबाच, अगदी सावकाश, इंग्रजीत विचारत होते की कुणाला लागलंय का. कुणीतरी नाही म्हणालं. "बरं," बाबा म्हणाले. तेवढं आमच्या भाषेत.

कप्तानाने चेहरा ओंजळीत घेतला होता. अध्यक्षांनी त्याला विचारलं, काही सांगायचंय का. तो उठला, मालकाच्या वकिलांनी बाही ओढली, तरी तो बसला नाही.

"पडद्यावर आम्ही पुढे होतो," तो म्हणाला. "मला पडदा खरा वाटला. घाबरून पायलटचं नाव घेतलं. नंतर वाटलं, ते तर गेलेच आहेत."

अहवाल यायला वेळ लागणार होता. पण अध्यक्षांनी तिथेच नोंदवून घेतलं की वळण्याचा हुकूम पायलटचा नव्हता, आणि त्यापुढे "असं वाटतं" म्हटलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. उठताना दाढीकाकांनी दंड धरला.

"रडायचं असेल तर रड," ते म्हणाले. "मी दाढी आणलीये, रुमालाची सोय होईल."

बाहेर येऊन, जिन्याखाली उभं राहून आईला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

"बाबा नव्हते, आई. हुकूम त्यांनी दिला नव्हता."

"गोड करून सांगतेयस?"

"नाही. तो हुकूम आला तेव्हा ते दुसरंच बोलत होते. काचेला नाक लावून. टाकी, धुराडं, टाकी, धुराडं."

पलीकडे ती हसली की काय झालं, मला कळलं नाही.

"सगळा जन्म त्या बडबडीवरून मी त्यांच्या मागे लागले. गप्प बसा हो, म्हणून," ती म्हणाली. "बरं झालं, माझं ऐकलं नाही." मग नाक ओढून तिने विचारलं, "आवाज कसा होता गं?"

"जरा चिडलेला होता," मी म्हटलं. "पण ठणठणीत."