टिल्लीने मागितलं म्हणून

व्हेप विकणारे सगळे चोर, असं माझ्या ताईचं ठाम मत. मीही तेच विकतो, पण तिचा सख्खा धाकटा भाऊ म्हणून मला तेवढी सूट होती: चोरांतला त्यातल्या त्यात बरा. माझ्या दुकानात पुढे वह्या, पेनं, थंड पेयं. काउंटरमागे कुलपाच्या कपाटात व्हेप, त्या रंगीबेरंगी ई-सिगारेटी. गणवेशातलं पोर त्या कपाटाकडे नुसतं बघू लागलं तरी मी खेकसायचो. एकदा एक पठ्ठ्या बापाचा कोट चढवून, आवाज जाड करून आला. त्याला मी आधी घरी फोन लावायला लावला.

ताई आमच्या भागातल्या व्हेपविरोधी समितीची अध्यक्ष. समिती आणि पालिकेचं आरोग्य खातं मिळून दुकानांवर हिरवं स्टिकर लावत होते: अठराच्या आतल्यांना इथे मिळणार नाही. पहिलं स्टिकर माझ्या दारावर लागलं. मला केवढा अभिमान वाटला होता म्हणून सांगू!

टिल्ली ताईची मुलगी, पंधराची. माझ्या दुकानात, काउंटरला धरून चालायला शिकली. त्या दुपारी ती आली, पण नेहमीसारखी स्टुलावर चढून बसली नाही.

"मामा, एक व्हेप दे."

मी भडकायला हवं होतं. नाही भडकलो, कारण शाळेत पालकांसाठी प्रदर्शन मांडायचंय, नमुने लागतील, असं ताई मागेच बोलली होती. मी आपलं सरळ गणित केलं.

"प्रदर्शनासाठी ना? मग आईसाहेब स्वतः आल्या असत्या तर पाय झिजले असते का?"

टिल्ली नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी कुलूप काढलं. गुलाबी घ्यावं की पोपटी, यावर थोडा विचार केला. "पालकांचे डोळे पांढरे झाले पाहिजेत," म्हणत पोपटी तिच्या हातात ठेवलं. पैसे नको म्हणालो, तर तिनेच नोट पुढे सरकवली.

तेवढ्यात दार उघडलं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या तपासनीस बाई आत आल्या, आणि त्यांच्यामागून ताई.

"ही चाचणी खरेदी होती," बाई म्हणाल्या. "तुम्ही वय विचारलं नाहीत."

"हिचं वय? अहो, हिला दवाखान्यातून घरी मीच आणली!"

"म्हणजे लहान आहे हे तुम्हाला ठाऊक होतं." बाईंनी सांगून टाकलं: महिनाभर दुकान बंद, पुन्हा सापडलात तर परवाना कायमचा गेला.

माझं डोकंच फिरलं. "अख्ख्या गावात तुला माझंच दुकान दिसलं?" मी ताईवर ओरडलो. "पोरीला पुढे करून सख्ख्या भावाचा गळा कापलास?"

ताईचा आवाज जराही चढला नाही, त्याचाच मला जास्त संताप आला.

"अनोळखी पोराला आता कुणीच देत नाही रे. पोरांना मिळतं ते दादाकडून, काकाकडून, मामाकडून. तेच बघायचं होतं. आणि मी तिला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं. फक्त माग, म्हणाले होते."

"आणि ते प्रदर्शन?"

"आहे ना. नमुने पालिकेने दिलेत."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. तरी मी फसवला गेलो होतो, तेही घरच्यांकडून, भरदिवसा, माझ्याच काउंटरवर. बाई कपाटाला सील लावत होत्या. मी टिल्लीकडे वळलो. ती नुसतं सॉरी म्हणाली असती, तरी मी सगळं विसरलो असतो.

"तू तरी खुणावायचंस ना गं. मामाचं दुकान बुडतंय, एवढं कळलं नाही तुला?"

"मी आईशी भांडले," टिल्ली म्हणाली. तिला रडू आवरत नव्हतं. "मामा मेला तरी मला देणार नाही, म्हटलं. तिला दाखवायचं म्हणून मीच हट्टाने आले. तू कुलूप काढलंस ना, तेव्हासुद्धा वाटलं, आता ओरडशील. आणि तू रंग निवडत बसलास."

मी तिचा हात धरायला गेलो. ती आईच्या मागे सरकली.