रिमोटला हात लावू नका

कोपरखैरणे गावात गोटीरामशेठच्या घरी त्या संध्याकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. भाडेकरू, शेजारी, भावकी, सगळे भिंतीवरच्या टीव्हीकडे तोंड करून बसले होते. टीव्ही चालू होता, पण कार्यक्रम कुठलाच नाही. समोर पाटावर ताट वाढलेलं, तांदळाची भाकरी आणि भाजलेले बोंबील. गोटीरामशेठच्या कुंदनला हेच आवडायचं. तो जाऊन वर्ष होत आलं होतं.

"रिमोटला कोनी हात लावाचा नाय!" आत्मे बोलावणाऱ्या सिताराम भगतांनी बजावलं. "आत्म्याला करंट लागतो. मोबाईल बंद करा. त्याचा नेटवर्क येगला, आपला येगला. मधीच रेंज कापली तं माजी जबाबदारी नाय!" स्वतःचे दोन मोबाईल मात्र त्यांनी चालूच ठेवले. वरून येणारे फोन कुठल्या सिमवर लागतात, ते त्यांनाच ठाऊक.

धूप घुमला, मंत्र लांबत गेला, आणि पडद्यावर कुंदन उमटला. मोरा बंदराच्या धक्क्यावर, आईच्या खांद्यावर हात टाकून हसणारा. मग दुसरा फोटो, तिसरा.

"आला! माजा पोर आला!" कुंदनच्या आईनं, विमलबाईंनी पदर तोंडात कोंबला.

दाराशी उन्नती उभी होती. ती कुंदनची थोरली बहीण, वाशीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी. पण त्या क्षणी तिला एवढंच वाटलं की हे खरं असू दे. भाऊ एकदा तरी "ताय" म्हणू दे.

मग तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे कुंदनची बायको रंजिता बसली होती, आणि शेजारी तिची भरलेली पिशवी. कालच्या बैठकीत भगतांनी कौल दिला होता, "एका तरी फोटोत बायको दिसते का? पोराला ती नको हाय. आन ही काली सावली बगा, आयेच्या मांडीवर परलेली. हीच ती! ती घरात हाय तवर पोराला सुटका नाय." उद्या तिचा भाऊ तिला माहेरी, मोऱ्याला न्यायला येणार होता. नवऱ्याला खाल्लेली बाई म्हणून ती जन्मभर ओळखली जाणार होती.

उन्नती पुढे झाली. तिनं रिमोट उचलला.

"पोरी, हात कार! झटका बसंल!"

तिनं बटण दाबलं. कुंदन गेला.

"मारलास गं!" विमलबाई किंचाळल्या. "दुसऱ्यांदा मारलास त्याला!"

उन्नतीनं रिमोट खाली ठेवला आणि ती म्हणाली, "आये, जरा थांब. काका, आता मंत्र म्हणू नका. सगळे नुसते गप बसा."

लोक बसले. धूप विझला. आणि कुणी न बोलावता कुंदन परत आला, तसाच हसत.

"बराच वेळ रिमोटला हात लागला नाही की हा टीव्ही आपोआप फोटो लावतो," उन्नती म्हणाली. "आमच्या स्टाफरूममधला टीव्ही डोंगर दाखवतो. यात कुंदनचं खातं आहे, म्हणून त्याचे फोटो येतात."

"मंग वरीसभर का नाय दिसला?" गोटीरामशेठनी विचारलं.

उत्तर चुलतभावानं, दिपेशनं दिलं. "नेट बंद होता ना काका. भाडेकरू मागं लागले म्हणून परवा मी नवीन कनेक्शन घेतला. भगतकाका बोलले, वायफायचा जुना नाव, जुना पासवर्डच ठेव, आत्म्याला नवी वाट गावत नाय."

"आत्म्याला नाही, टीव्हीला. ओळखीचं नाव दिसलं, पासवर्ड जुळला, तो आपला आपण जोडला गेला."

"आयला! भगतकाकांच्या घरी पन हाच टीव्ही हाय! मीच लावून दिला. हे डोंगर कुठून येतात, आपले फोटो पन लागतात का, विचारत होते मला!"

"शास्त्र येगला, तुमची यंत्रा येगली..." पुटपुटत भगत धूपदाणी आवरू लागले. त्यांना कुणी थांबवलं नाही.

"आन ती सावली?" विमलबाईंचा आवाज कोरडा होता.

मोऱ्याचा फोटो पुन्हा आला. मांडीवरची सावली आता सगळ्यांनी नीट पाहिली. डोक्यावर अंबाडा, दोन्ही कोपरं मोबाईल धरल्यासारखी वर उचललेली.

"रंजिता, हे फोटो कुणी काढलेत?"

रंजिता पहिल्यांदाच बोलली. "मीच काढायची. ते बोलायचे, तू काढ. मी फोटो काढला का आये तोंड वाकरा करते, तुज्याकरं बगून हसते."

उन्नतीनं टीव्हीत शोधून फोटोंच्या संग्रहाचं नाव दाखवलं. कुंदननं ठेवलेलं नाव होतं, 'आये'.

विमलबाई बघत राहिल्या. प्रत्येक फोटोत त्या हसत होत्या, आणि प्रत्येक फोटोत त्यांची नजर रंजिताकडे होती.

"मंजे... तो येत नव्हता?"

"नाही गं आये. कुंदन गेला." एवढं बोलून उन्नतीच रडायला लागली.

माणूस दुःखात काहीही खरं मानतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लाज वाटायला हवी ती त्या दुःखावर दुकान मांडणाऱ्याला. म्हणून चमत्कार दिसला की एवढंच विचारा, कुठल्या गोष्टीला हात लावायचा नाही म्हणतायत? आणि आधी तिथेच हात लावा. गेलेलं माणूस त्यानं परत मिळणार नाही, पण घरात उरलेलं तरी जाणार नाही.

विमलबाई पोटभर रडल्या. मग उठून त्यांनी ती भरलेली पिशवी आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

"भावाला फोन कर. येव नको बोल."

पाटावरचं ताट त्यांनी उचललं आणि रंजितापुढे ठेवलं.

"सकालधरना उपाशी हास. जेव."