चंपा कुठं बसेल

दीपमालाच्या हाताला घाम सुटला होता, म्हणून तिनं पट्टा मनगटाला दोन वेढे मारून घट्ट धरला होता. हे चूक आहे हे तिला ठाऊक होतं. श्वान पथकात पहिल्याच दिवशी शिकवतात, पट्टा सैल ठेवा, हँडलरची भीती पट्ट्यावरून थेट कुत्र्यापर्यंत जाते. पण शिकवणारे आता गंगापूरच्या जीप स्टँडवर नव्हते. समोर लिंबाच्या बुडाशी एक काळी बॅग सकाळपासून बेवारस पडली होती.

बारावी, पोलीस भरती, तीन वर्षं बंदोबस्त, मग अर्ज करून श्वान पथक आणि चंपा नावाच्या लॅब्राडोरबरोबर सहा महिन्यांचं ट्रेनिंग. देवगाव रंगारीत आई अजून कपाळावर हात मारून घेते, कुत्रं सांभाळायला एवढं शिकावं लागतं का म्हणून. ते चालायचं. पण एक गोष्ट दीपमालानं कुणालाच सांगितली नव्हती. शेवटच्या परीक्षेत दहा डबे होते, एकात स्फोटकाचा नमुना. सातव्या डब्याचं झाकण तिला जरा तिरकं दिसलं आणि तिचं पाऊल तिथं अडखळलं. चंपा लगेच बसली. स्फोटकाचा वास लागला की भुंकायचं नाही, बसायचं, ही तिची खूण. दोघी पास झाल्या. पण चंपा वासाला बसली की आपल्या पावलाला, हे दीपमालाला तेव्हापासून कळेना. आज पहिल्याच कामगिरीवर ते कळणार होतं, आणि उत्तर वाईट निघालं तर माणसं मरणार होती.

"जा बेटा," मागून हवालदार फारूखभाई म्हणाले. पथकात अठरा वर्षं काढलेला माणूस. "लोकं मागं सारलेत. तू फकत चंपाकडं बघ."

"सर्च," दीपमाला म्हणाली. आवाज चिरका निघाला.

चंपानं बॅग हुंगली. एकदा, दोनदा. बसली नाही. वास नाही म्हणून बसली नाही, की मी थांबले नाही म्हणून? आणि त्या भीतीपायी तिनं जे मुळीच करायचं नाही तेच केलं, बॅगेपाशी पाय रोवून उभी राहिली. चंपानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. बसली नाहीच. नाक खाली घातलं आणि दीपमालाला ओढत उलट्या दिशेला निघाली, जिथं गर्दी नेऊन उभी केली होती तिकडं.

"आगं, तिकडं कुठं?" फारूखभाई ओरडले.

आता चंपाला मागं ओढलं असतं तर दीपमालाला कुणी नावं ठेवली नसती. तिनं मनगटाचे वेढे सोडले. चंपा एका काळ्यापिवळ्या जीपच्या मागच्या दाराशी गेली आणि शांत बसली.

जीपभोवती वीसेक माणसं उभी होती. आत एक म्हातारी गोणीवर पाय ठेवून शेंगा सोलत होती. दाराशी उभा ड्रायव्हर बिडी ओढत होता.

"बिडी इझवा! समदे लांब व्हा! आजी, हळू उतरा!"

"मॅडम, बॅग तर तिकडं हाय," ड्रायव्हर हसला.

"गोणीत काय हाय?"

"हे व्हय? इहिरीच्या सुरुंगाचं सामान हाय. जिलेटीन. आमच्या गावचा पुंजाराम ठिवून चहाला गेलाय."

बिडी अजून त्याच्या बोटात होती. दीपमालानं ती हिसकावली आणि चटका बसला तरी मुठीतच विझवली.

दुपारी बॉम्ब निकामी करणाऱ्या पथकानं गोणी नेली. बॅगेत कुणाच्या तरी पोराचा शाळेचा गणवेश निघाला. लोक चंपाचे फोटो काढत होते. फारूखभाईंनी दीपमालाच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास! परीक्षेतही अशीच पास झालती ना?"

गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं.

"भाई, परीक्षेत डब्याचं तिरकं झाकण मला आधीच दिसलं होतं. आधी मी थांबले, मग ती बसली. चंपा आज पास झाली. माझी परीक्षा परत घ्या."