खोडलेली चार वाक्यं

बाईंनी लाल पेन उचललं आणि चिमणीच्या पत्रातली चार वाक्यं एकाच रेघेत खोडून टाकली. मग कोरा कागद तिच्यापुढे ठेवून फळ्याकडे बोट दाखवलं.

फळ्यावर नेहमीचा मजकूर होता. ‘प्रिय सैनिकदादा, आपण डोळ्यांत तेल घालून सीमेचं रक्षण करता, म्हणून आम्ही निश्चिंत झोपतो. आम्ही आपले ऋणी आहोत.’ एकतीस वर्षं बाई हाच मजकूर लिहीत आल्या होत्या. पहिल्या वर्षी ज्यांनी तो उतरवून घेतला, त्यांची मुलंही याच बाकांवर बसून गेली. मुलांना उपकाराची जाण हवी आणि ती वळणदार अक्षरात हवी, असं त्यांचं सरळ मत होतं. उन्हाळ्यात त्या निवृत्त होणार होत्या. सैनिकांना जाणारा यंदाचा पत्रांचा शेवटचा गठ्ठा तरी निर्दोष जावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

शाळा सुटली. चिमणी एकटीच मागे राहिली, जिभेचं टोक बाहेर काढून एकेक अक्षर गिरवत.

गठ्ठा न्यायला टपालकाका आले. शाळेसमोरच राहणारे हे गृहस्थ. सारी नोकरी त्यांनी फौजेच्या टपालखात्यात काढली होती आणि निवृत्तीनंतर दर वर्षी पत्रं नीट पत्त्यावर धाडण्याचं काम आपणहून अंगावर घेतलं होतं.

“एक राहिलंय,” बाई म्हणाल्या. “आमच्या चिमणीला अक्कल शिकवायचीय सैनिकांना.” त्यांनी खोडलेलं पत्र पुढे केलं.

काकांनी चष्मा लावून ते वाचलं, मग पुन्हा वाचलं. नेहमी काहीतरी थट्टा करणाऱ्या काकांनी आज ते जपून टेबलावर ठेवलं, म्हणून बाईंनी इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं विचारलं. काका फौजेत असताना आपल्या शाळेची पत्रं त्यांच्या हाती कधी आली होती का?

यायची की, काका म्हणाले. टपाल वाटताना ज्याच्या नावाचं काहीच नसे, तो रांगेतून रिकाम्या हाताने परतू नये म्हणून शाळांची बिननावी पत्रं ते बाजूला ठेवत. पाकिटावर गुपचूप त्याचं नाव घालून देत, म्हणजे चारचौघांत त्याची मान खाली जायला नको. मात्र या शाळेचं पत्र निघालं, की उघडणारा फक्त ‘आपण डोळ्यांत’ एवढंच म्हणायचा, आणि पुढचं सगळी बराक एका सुरात पूर्ण करायची.

“हसायचे?” बाईंनी विचारलं.

“हसायचे. पण वाईट नव्हतं ते, बाई. तिकडे हसायला मिळणं काही थोडं नव्हे.”

बाईंनी टेबलावरचा खडू उचलला आणि परत ठेवला.

“जपून कुणी ठेवलं एखादं?”

“ठेवलं होतं एकाने. त्यात शेवटी कुण्या पोराने आपल्या मनाचं लिहिलं होतं, तुमचे बूट कोण पुसतं म्हणून. तुमच्या नजरेतून सुटलं असणार. त्याने ते टोपीच्या अस्तरात शिवून घेतलं.”

बाई उठून चिमणीच्या बाकाशी गेल्या.

“मघाशी लिहिलं होतंस, तसंच पुन्हा लिहितेस का?”

चिमणीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. बाई रागावल्यात की काय, ते तिला कळेना.

“नको बाई. हे बरोबर आलंय. बघा ना.”

कागदावर एकही खाडाखोड नव्हती. पोरीचा चेहरा फुलला होता. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, छान आलंय म्हणाल्या आणि तिला घरी पाठवलं.

मग खुर्चीत बसून त्यांनी लाल रेघेखालची वाक्यं सावकाश वाचली. ‘मला तुमची आठवण कधीच येत नाही. आज बाईंनी सांगितलं म्हणून लिहिते आहे. तुम्ही रात्री जागता तेव्हा मी झोपलेली असते, हे मला आज कळलं. मला कसंतरीच वाटलं.’

काका सुतळी हातात धरून थांबले होते.

बाईंनी त्याच पत्राच्या समासात लिहिलं, ‘लाल रेघ माझी आहे. तिच्याखालचं वाचावं.’ पेनचं टोपण लावलं. पुन्हा काढलं, आणि त्याखाली आणखी एक ओळ घातली.

‘मीही झोपलेलीच असते.’