जीप चार्जिंग घेत नाही

बकारामची जीप त्याच्या वडिलांनी मिलिटरीच्या लिलावात घेतलेली. तिच्या विजेच्या कामाला गोंदियाजवळच्या गोरेगावच्या देवाजीशिवाय कोणी हात लावला नव्हता. दोघांची दोस्तीही त्या जीपवरूनच झालेली. त्या उन्हाळ्यात बॅटरी रोज उतरू लागली, तेव्हा बकारामने जीप धक्का मारून चालू केली आणि सरळ देवाजीच्या दुकानासमोर आणून उभी केली.

"चार्जिंग घेऊन नाही राहिली गा," तो म्हणाला.

देवाजीने बॉनेट उघडलं. पट्टा दाबून पाहिला, डायनॅमोच्या दोन्ही तारा सोडवल्या, मीटर लावला आणि बकारामला इंजिन रेस करायला सांगितलं. काटा चढला.

"डायनॅमो चांगला आहे. कटआउट खराब दिसते."

त्याने डायनॅमोची वीज बॅटरीकडे सोडणाऱ्या कटआउटची डबी उघडून पॉइंट पॉलिशपेपरने घासले आणि तारा जोडल्या. बकारामला हायसं वाटलं. मग देवाजीने हात पुसले, बॉनेटखाली वाकला आणि म्हणाला, "पहिले डायनॅमो पाहू."

"आता तं पाहिला ना."

"कवा?"

बकारामला वाटलं, मस्करी करतो आहे. पण देवाजी पुन्हा तारा सोडवत होता. काटा पुन्हा चढला. पुन्हा त्याच आवाजात, नव्याने कळल्यासारखा तो म्हणाला, "डायनॅमो चांगला आहे."

देवाजी तिसऱ्यांदा तारा सोडवू लागला तेव्हा बकारामने इंजिन बंद केलं. तेवढ्यात देवाजीने बॅटरीची तार भलत्याच ठिकाणी जोडली. कटआउटमधून धूर निघाला. बकारामने उडी मारून तार ओढली, तळहात भाजला. देवाजी जळक्या डबीकडे पाहत होता.

"हे कोणं केलं?" त्याने विचारलं.



दुकानामागच्या घरातून देवाजीची बायको कुसुमबाई पाण्याचा गडवा घेऊन आली. बकारामच्या हातावर पाणी ओतताना ती हळूच म्हणाली, "दिवाळीपासून असंच चालू आहे, भाऊ. परवा बाजारातून घरी यायचा रस्ता चुकले. पोरगा संघदीप म्हणते, दुकान बंद करा. पण घरी बसवलं तं दिवसभर मले विचारतेत, दुकान कवा उघडायचं."

"डॉक्टरले दाखवलं?"

"नागपूरले नेलं होतं. गोळ्या देल्ल्या. हे सुधारत नाही म्हणते डॉक्टर."

तसलं कटआउट आता कुठे मिळत नव्हतं. गोंदियाचा मिस्त्री म्हणाला, डायनॅमो निकालो, अल्टरनेटर डालो. पण बकारामने जीप देवाजीच्या दुकानासमोरच ठेवली. बाजाराच्या दिवशी तो यायचा, बॉनेट उघडायचा, आणि देवाजी इंजिन बंद असतानाच मीटर लावायचा. काटा जागचा हलत नसे.

"चांगला आहे," देवाजी म्हणायचा.

"हो गा," बकाराम म्हणायचा, आणि बॉनेट लावून घरी जायचा.

धानाची रोवणी सुरू झाली तेव्हा त्याला दोन बाजार चुकले. मग गेला तर देवाजी दुकानात बाकड्यावर बसला होता, हातात पक्कड. त्याने बकारामकडे पाहिलं, गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं.

"काय पायजे?"

"जीप आणली होती पाहाले."

"मले नाही येत गाड्यांचं काम," देवाजी म्हणाला. "दुसऱ्याकडं जा."

कुसुमबाई दारातच थांबली. बकारामने ट्रॅक्टर बोलावला, जीपला दोर बांधला. ट्रॅक्टर हलला तसा देवाजी उठला, आणि दुकानाचं दार लोटून घेतलं.