टाचांच्या गावातली मलमाची ट्यूब

मित्रांनो, रूपराव बरे झाले आणि आष्टीच्या आठवडी बाजारात आपल्या जागेवर मांडी घालून बसले. असं काहीही झालेलं नाही. घरच्यांच्या मते त्यांना कधी काही झालंच नव्हतं, तेव्हा वरचं वाक्य तुम्हीही वाचलेलं नाही.

मी एक जुनी, पोट चेपलेली मलमाची ट्यूब आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर रूपरावांची लघवी ताब्यात राहीना. ओल्या पॅडनं मांड्यांची, बुडाची कातडी सोलली. सिस्टरनं मला त्यांच्या हाती दिलं. "पॅड ओला झाला की लगेच बदला. कोमट पाण्यानं धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा, मग याचा पातळ थर." एवढं सोपं काम! पण त्यांच्या पत्नीनं, रुख्माबाईंनी, लोकांना कळू नये म्हणून मला चहापत्तीच्या डब्यामागं लपवलं.

शेजारच्या भागीरथाबाईला मी दिसलेच.

"हे काय व?"

"टाचेच्या भेगांचं हाय," रुख्माबाई बोलून गेल्या.

झालं. भागीरथाबाईनं टाचा पुढं केल्या. दुसऱ्या दिवशी त्या आणखी चौघींना घेऊन आल्या. अख्ख्या गल्लीच्या टाचा लोण्यासारख्या झाल्या, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. इकडे रुख्माबाई नवऱ्याला कपड्याच्या साबणानं घासत आणि वर पावडर थापत. "स्वच्छ तं पाह्यजे!" डोकं आपटावं तर मला डोकंही नाही, नुसतं टोपण आहे.

रूपरावांना बसवेना. ते वांगी उभ्यानं विकू लागले. मित्रांनो, आमच्या बाजारात जागा बसणाऱ्याची असते. उभा माणूस म्हणजे घरी निघालेला. गिऱ्हाईक भाव पाडून मागे आणि शेजारच्या प्रभाकररावांचा लसूण दर बाजाराला वीतभर पुढं सरके. चाळीस वर्षांची जागा चौथ्या बाजाराला गोणपाटाएवढी उरली.

त्या दिवशी भागीरथाबाई मला पिशवीत घालून बाजारात आल्या होत्या. "भाऊजी, बसत काऊन नाई? टाचा दुखून राह्यल्या का? हे घ्या!"

रूपरावांचा पारा चढला. "अव, ते माह्यं मलम हाय! मले लघवी सांभाळत नाई, बूड सोललं! सारी गल्ली टाचेले लावून राह्यली, अन् मी उभा!"

भागीरथाबाईनं मला दोन बोटांत लांब धरलं. प्रभाकररावांनी लसूण मागं ओढला आणि हळूच विचारलं, "रूपराव, हे कोन्या दुकानात भेटते? दोन वर्षं झाले मले."

पुढचे पंधरा दिवस मी माझ्या खऱ्या जागी काम केलं, आणि संपले. रुख्माबाई आता सांगतात, यांचे गुडघे दुखत होते.

सबब, मा. नगराध्यक्षांस विनंती की, नगरपंचायतीच्या प्रत्येक सभेत मागील इतिवृत्त कायम करण्यापूर्वी उपस्थित सर्व ज्येष्ठांस "कमरेखालची कातडी कशी आहे?" असे विचारण्यात यावे, उत्तर उभे राहून, मोठ्या आवाजात घेण्यात यावे, व ज्यांचे गुडघे दुखतात त्यांस पुन्हा विचारण्यात यावे. सोबत रिकामी ट्यूब, नग एक.